बडोद्याच्या कमाटीबागेतली चित्रं

प्रश्न : सुट्टीत आम्ही बडोद्याला गेलो होतो. सयाजीबागेतल्या संग्रहालयात मुलं देवमाशाचा सांगाडा आणि ममी पाहून खूश झाली. मला मात्र राजा रविवर्म्यांची मोठी चित्रं पाहायची होती. तिथे युरोपातलीच चित्रं जास्त दिसली. बडोद्यात ती आली कशी, आणि कशासाठी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : रविवर्म्यांचं आधी सांगते. सयाजीरावांनी त्यांच्याकडून रंगवून घेतलेली पौराणिक चित्रं पाहायची, तर लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातलं महाराजा फत्तेसिंह संग्रहालय गाठायला हवं. ते १९६१ सालचं. तुम्ही गेलात ते त्याच्या कितीतरी आधीचं, बागेतलं. आम्ही बडोदेकर त्या बागेला अजून कमाटीबागच म्हणतो.

तुमच्याच जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली बडोद्याला दत्तक आला आणि सयाजीराव झाला. त्यांनी १८८७ साली हे संग्रहालय स्थापलं. वास्तुविशारद चिझमनं आराखडा केलेली इमारत १८९४ साली पूर्ण झाली. नमुना लंडनच्या संग्रहालयांचा होता, म्हणून तिथे कला, कारागिरी आणि निसर्ग एकत्र नांदतात. (देवमासा बराच नंतरचा, १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आला.) १८९० साली शहरात कलाभवन ही कला आणि तंत्रशिक्षणाची संस्था निघाली. माझ्या मते या दोन्हींमागचा विचार एकच होता : हातानं काम करणाऱ्याला उत्तम नमुना डोळ्यांसमोर मिळावा.

चित्रांसाठी वेगळी इमारत हवी, म्हणून १९०८ साली चित्रदालनाचं बांधकाम सुरू झालं. लंडनचे कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन यांनी बडोद्यासाठी युरोपीय चित्रं निवडली. १९१४ साली इमारत तयार झाली आणि नेमकं महायुद्ध पेटलं. चित्रं तिकडेच अडकली. दालन उघडायला १९२१ साल उजाडलं.

याला कुणी राजाची हौस म्हणतं, ते मला मुळीच पटत नाही. मी वर्षानुवर्षं चित्रकला शिकवली. छापील चित्रात रंगाची जाडी दिसत नाही. उजेडाच्या कडेला खालचा तपकिरी थर कसा डोकावतो, ओल्या रंगावरून कुंचला कुठे फिरला, हे मूळ चित्रासमोर उभं राहूनच कळतं. ज्यांच्या नशिबी युरोपवारी नव्हती, अशा किती मुलांना ते या दालनानं दाखवलं!

१९४०च्या दशकात जर्मन कला-इतिहासकार हर्मन ग्योट्झ संचालक होते. त्यांनी समकालीन भारतीय चित्रकारांची चित्रंही संग्रहात आणली. पुढे १९५० साली विद्यापीठाची ललित कला शाखा सुरू झाली, तिथे आपले चित्रकार ना. श्री. बेंद्रे शिकवायला आले. संग्रहालय आणि कलाशाळा अशी एकमेकींच्या इतकी जवळ फार थोड्या शहरांत सापडतील.

आणि एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असावी : अकोट्याची कांस्यशिल्पं. अकोटा आज बडोद्याचाच भाग आहे. तिथे १९५१च्या सुमारास जैन मूर्तींचा मोठा साठा सापडला. उमाकांत शहा यांनी त्यांचा बारकाईनं अभ्यास केला. त्यातली चवरी धरलेली स्त्री मला साऱ्या संग्रहात सर्वांत आवडते. कमरेचा हलका बाक आणि वस्त्राच्या चुण्या पाहा. धातू इतका मऊ वाटू शकतो यावर विश्वास बसत नाही.

पुढच्या खेपेला फत्तेसिंह संग्रहालयासाठी वेगळी सकाळ राखून ठेवा. कमाटीबागेत मुलांना देवमासा पुन्हा पाहू द्या, पण आधी चित्रदालन करा. पाय दमल्यावर चित्रं पाहवत नाहीत.