वाचकांचे प्रश्न : प्रार्थना आणि लाल झेंडा

प्रश्न : मी नेमाने चर्चला जातो आणि ऊसतोड मजुरांच्या डाव्या संघटनेतही आहे. पाळकसाहेब म्हणतात, डावे नास्तिक. कॉम्रेड म्हणतात, धर्म म्हणजे अफू. मेळ कसा घालू? (एक वाचक, बीड जिल्हा)

उत्तर : एकाची निवड करायची गरजच नाही. पाळकसाहेबांपुढे बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय उघडा. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असं तिथे चौथ्या ओवीत आहे. बायबलमधल्याच ‘अनुवाद’ या पुस्तकात (२४:१५) तर मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या, अशी आज्ञाच आहे. कॅथलिक मंडळींना पोप लिओ तेरावे यांचं १८९१ चं परिपत्रक दाखवा. त्यात कामगारांचा संघटनेचा हक्क मान्य आहे. समाजवाद मात्र त्यात नाकारलाय, तेही लपवू नका.

कॉम्रेडना खाड्याचं, म्हणजे कामाला न गेलेल्या दिवसाच्या दंडाचं, उदाहरण द्या. उसाच्या फडात एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. रविवारी उपासनेला थांबले की खाडा लागतो, हंगामाआधी घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) त्या दिवशी फिटत नाही, उलट अंगावरची बाकी वाढते. दासदासींनाही विसावा द्या, ही शब्बाथाची, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा (अनुवाद ५:१४) आणि साप्ताहिक सुट्टीची मागणी एकच.

मग एक काम दोघांनाही सांगा. दिवाळीनंतर टोळ्या निघण्याआधी प्रत्येक जोडप्याला वही द्या : उचलीची रक्कम, मुकादमाची (मजूर ठरवून नेणाऱ्या मध्यस्थाची) सही, रोजचं टन, खाडे. हिशेब एकट्या मुकादमाच्या वहीत राहतो, म्हणून पट्टा पडल्यावर (हंगाम संपल्यावर) बाकी किती ते तोच ठरवतो. आणि हो, संघटनेची बैठक रविवारी सकाळी कधीच ठेवू नका.