आठवीतल्या मुलीला विज्ञान प्रदर्शनासाठी बियांच्या उगवणीवर कोणता प्रयोग करता येईल?

तुम्ही लिहिलंय की हातात तीन आठवडे आहेत आणि 'मटकी उजेडात आणि अंधारात' हा विषय सरांनी नाकारलाय. सरांचं बरोबर आहे. मटकी फडक्यात बांधून डब्यात ठेवली की मोड येतात, उजेड लागत नाही, हे घरोघरी माहीत असतं. उत्तर आधीच ठाऊक असेल तर मुलीला शोधायला काय उरलं?

मी बियाणं तपासणीच्या कामात आहे, त्यामुळे मी सोयाबीन सुचवेन. प्रश्न असा ठेवा: बियाणं उंचावरून आपटलं तर उगवण किती घटते?

सोयाबीनचं साल फार पातळ असतं आणि ज्यातून पुढे मूळ निघतं तो भाग सालीच्या अगदी लगत असतो. मळणी यंत्र जास्त वेगात चाललं किंवा भरलेली पोती गाडीतून धाडकन खाली टाकली की हा भाग दुखावतो. दाणा वरून टपोरा, पिवळाधमक दिसतो, पण मातीत गेल्यावर उगवत नाही. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही अशा तक्रारी राज्यभरातून आल्या होत्या आणि कित्येकांवर दुबार पेरणीची वेळ आली होती. त्यामागे एकच कारण नव्हतं, पण घरचं बियाणं पेरण्याआधी उगवण तपासा, असं कृषी विभाग दरवर्षी का सांगतो ते यावरून कळेल.

ओळखीच्या शेतकऱ्याकडून एकाच पोत्यातलं किलोभर सोयाबीन आणा. फुटके, किडके दाणे काढून टाका आणि उरलेल्यातून न निवडता शंभर-शंभर दाण्यांचे चार ढीग मोजा. पहिल्या ढिगाला हात लावायचा नाही, बाकीच्यांची तुलना त्याच्याशीच होणार आहे. उरलेले तीन ढीग पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून गच्चीवरून खालच्या फरशीवर टाका: एक पुरचुंडी एकदा, दुसरी पाच वेळा, तिसरी दहा वेळा. खाली मोठं माणूस उभं राहू दे. उंची टेपने मोजून वहीत लिहा.

आता उगवण. वर्तमानपत्राचा कागद चार घड्या घालून भिजवा आणि जास्तीचं पाणी निथळू द्या. त्यावर दहा दाणे थोड्या थोड्या अंतरावर एका ओळीत ठेवा आणि सैलसर गुंडाळी करा. एका ढिगाच्या अशा दहा गुंडाळ्या होतील. त्या प्लास्टिकच्या पिशवीत उभ्या ठेवा आणि पिशवीवर ढिगाचं नाव लिहा. कागद ओलसर हवा, पाणी गळणारा नको. एक चूक हमखास होते: मुगासारखं सोयाबीनही रात्रभर भिजत घालतात. कोरडा दाणा एकदम भरपूर पाणी ओढतो आणि आतल्या पेशी फाटतात, मग आपटल्याचा परिणाम कुठला आणि भिजवल्याचा कुठला हेच कळत नाही. थंडी असेल तर चारही पिशव्या स्वयंपाकघरात एकाच कोपऱ्यात ठेवा. सोयाबीनला पंचवीस-तीस अंश तापमान मानवतं.

प्रयोगशाळेत सोयाबीनची पहिली मोजणी पाचव्या आणि शेवटची आठव्या दिवशी करतात, तुम्हीही तेच करा. खरं शिकणं या मोजणीत आहे, म्हणून ती मुलीलाच करू द्या. नुसतं टोक बाहेर डोकावलं म्हणजे दाणा उगवला असं धरू नका. मूळ लांब आणि निरोगी हवं, दोन्ही दलं शाबूत हवीत. मार बसलेल्या दाण्यात मूळ आखूड, तपकिरी राहतं किंवा दलाचा तुकडा पडलेला दिसतो. अशा रोपांचा वेगळा रकाना करा आणि त्यांचे जवळून फोटो काढा. तक्त्यावर माझ्या मते हेच फोटो सगळ्यात बोलके ठरतील.

आकडे वाचताना घाई नको. एका ढिगात 82 आणि दुसऱ्यात 78 उगवले तर तो फरक मानू नका. शंभर दाण्यांत चार-पाचाचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. वेळ असेल तर सगळा प्रयोग पुन्हा एकदा करा. आणि काहीच फरक दिसला नाही तर तसंच लिहा, परीक्षकांना ते प्रामाणिकपणे सांगता आलं पाहिजे.

शेवटी शेतकऱ्याच्या कामाचा हिशोब जोडा. प्रमाणित सोयाबीनची उगवण किमान 70 टक्के लागते आणि तेवढी असेल तर एकरी 30 किलो बियाणं वापरतात. उगवण 60 टक्क्यांवर आली तर 30 गुणिले 70 भागिले 60, म्हणजे 35 किलो. पाच किलो जादा बियाण्याचे पैसे किती होतात, ते तिला बाजारभावावरून काढू द्या.

दुकानातलं लाल-गुलाबी रंग लावलेलं बियाणं मात्र आणू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, मुलांच्या हातात ते देऊ नये.