‘मूळ अवयव’ आणि ‘वर्गमूळ’: दोन्हींतलं ‘मूळ’ एकच का?

‘१७६४ चे मूळ अवयव पाडून वर्गमूळ काढा’ या वाक्यात ‘मूळ’ दोनदा येतं. अर्थ एकच का, आणि पहिल्या ठिकाणी हिंदीसारखं ‘अभाज्य’ म्हटलं तर बरं नाही का, असा प्रश्न आहे.

शब्द एकच, संस्कृत ‘मूल’वरून आलेला, पण कामं दोन. ‘मूळ अवयव’मध्ये तो विशेषण आहे, मूळ गाव किंवा मूळ प्रत म्हणतो तसा. २, ३, ५, ७ या मूळ संख्या आणखी लहान संख्यांच्या गुणाकारातून मिळत नाहीत. ४, ६, ८, ९ मात्र त्यांच्याच गुणाकारातून होतात. ‘वर्गमूळ’मध्ये ते नाम आहे: ज्या संख्येचा वर्ग केला ती संख्या. हा वापर फार जुना, आर्यभटीयात (इ. स. ४९९च्या सुमारास) वर्गमूळ काढण्याची रीत सांगताना हाच शब्द आला आहे.

फरक विभक्तीत लगेच कळतो. नाम म्हणून ‘वर्गमुळाचा’, ‘वर्गमुळे’, म्हणजे ‘मु’ ऱ्हस्व. विशेषण मात्र जसंच्या तसं: ‘मूळ संख्येने भागा’. ‘मुळ संख्या’ हे लेखन चूकच. क्रियापदंही वेगळी: अवयव पाडतात, वर्गमूळ काढतात.

‘अभाज्य’ला माझा विरोध नाही, पण तो फक्त भाग जात नाही एवढंच सांगतो. ‘मूळ’ बाकीच्या संख्या कशापासून झाल्या ते सांगतो, आणि वर्गमूळ काढताना नेमकं तेच कामी येतं. ३६ = ४ × ९ असं मांडलं तर सारख्या अवयवांची एकही जोडी दिसत नाही, तरी ३६ पूर्ण वर्ग, म्हणजे ६ चा वर्ग, आहे. २ × २ × ३ × ३ लिहिलं की जोड्या समोर येतात. पूर्ण वर्गात प्रत्येक अवयव जोडीनेच येतो, हा जोडीचा नियम मूळ अवयवांपर्यंत पोचल्यावरच लागू होतो. मुलं ४ किंवा ९ वर थांबतात आणि तिथेच उत्तर चुकतं.

१७६४ = २ × २ × ३ × ३ × ७ × ७. प्रत्येक जोडीतला एकच घ्यायचा आणि गुणायचं: २ × ३ × ७ = ४२. बेरीज केली तर १२ येतात, ज्यांचा वर्ग १४४.

३५२८ मध्ये २ तीनदा येतो, एक एकटा उरतो. म्हणून तो पूर्ण वर्ग नाही. ‘पूर्ण वर्ग होण्यासाठी कोणत्या लहानात लहान संख्येने गुणावे?’ याचं उत्तर तो एकटा २: ७०५६, वर्गमूळ ८४. भागलं तरी चालतं, मग १७६४.

२११६ = २ × २ × ५२९ इथे पुष्कळजण ५२९ ला मूळ संख्या समजून सोडून देतात. ३, ७, ११, १३, १७, १९ ने भाग जात नाही हे खरं, पण शोध २३ पर्यंत न्यायला हवा, कारण २३ चा वर्गच ५२९ आहे. वर्गमूळ ४६.