ड्रोनचा नकाशा तयार असेल तर नगररचनेसाठी टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणारे यंत्र) मोजणी करावीच लागते का?

हो, पण सगळ्या भागाची नाही. ऑर्थोफोटोत (ड्रोनचे फोटो जोडून केलेला, मापात बसवलेला हवाई फोटो) छपराची कड दिसते, भिंत दिसत नाही. दोन्ही बाजूंचे छज्जे धरून रस्त्याची रुंदी अर्धा-एक मीटर सहज चुकते. झाडाखालची हद्द तर गायबच. म्हणून जोती, हद्दीचे दगड आणि अरुंद गल्ल्या टोटल स्टेशनने घ्या. उड्डाणाआधी किमान ५ नियंत्रण बिंदू, म्हणजे नकाशा जमिनीशी जुळवण्याच्या खुणा (चार कोपरे, एक मध्यभागी), जमिनीवर रंगवून डीजीपीएसने (अचूक जागा सांगणारे जीपीएस) मोजा. नकाशाची अचूकता तपासण्याचे बिंदू वेगळे ठेवा, नाहीतर चूक लपते. सांडपाणी वाहिनीच्या पातळ्या मात्र ऑटो लेव्हलनेच (उंचीतला फरक मोजणारी दुर्बीण) घ्याव्यात: १:२०० उतारात १० मीटरला फरक पडतो जेमतेम ५ सेंमी, आणि ड्रोनच्या उंचीतली चूकच तेवढी असू शकते.