व्हिजिटिंग कार्डावरची मिरची कोणाची?

प्रश्न, संक्षेपाने: कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणाऱ्या एका वाचक भगिनींचा घरगुती कांदा-लसूण चटणी व मसाल्यांचा व्यवसाय आहे. चार वर्षांपूर्वी त्यांनी शाळेतील मैत्रिणींच्या फेसबुक ग्रुपवर ‘व्हिजिटिंग कार्ड करून देणारे ओळखीचे कोणी आहे का’ असे विचारले आणि एका मैत्रिणीने इचलकरंजीच्या एका तरुणाचे नाव सुचवले. त्याने ३,५०० रुपयांत कार्ड करून दिले. कार्डावरील वाकवलेल्या तांबड्या मिरचीचे चिन्ह पुढे पाकिटांवर आणि दुकानाच्या फलकावरही आले. ट्रेडमार्कचा अर्ज रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये (नियतकालिकात) प्रसिद्ध झाल्यावर मात्र त्या तरुणाने चिन्ह आपले असल्याचे सांगून ६०,००० रुपयांची मागणी केली आहे. ‘पैसे मोजून करून घेतलेले चिन्ह माझे नाही का? आणि त्याच्यावर फसवणुकीची तक्रार करता येईल का?’ असे त्या विचारतात.

उत्तर:

ताई, आपल्या चार पानी पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य शेवटच्या पानावर, आभाराच्या ओळीच्या जरा वर, जाता जाता आले आहे. ‘९ जानेवारीला ट्रेडमार्क रजिस्ट्रीचाही एक ई-मेल आला, त्याला हरकतीची नोटीस जोडली होती, तो मी एजंटाला फॉरवर्ड केला आहे, ते बघतो म्हणाले.’ मिरची कोणी काढली, पैसे कोणी दिले, मैत्रिणीने कोणत्या भरवशावर नाव सुचवले, हे सगळे पहिल्या तीन पानांत सविस्तर आहे. पण त्या तरुणाने आपल्या अर्जाला घेतलेल्या हरकतीची नोटीस मिळाल्याची ही एक तारीखच आपल्या प्रकरणाचा निकाल लावणारी गोष्ट आहे.

ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम २१(२) नुसार हरकतीच्या नोटिशीची प्रत अर्जदाराला मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत त्याने काउंटर स्टेटमेंट, म्हणजे उत्तरादाखलचे निवेदन, दाखल करावे लागते. ते केले नाही, तर अर्जदाराने आपला अर्ज सोडून दिला असे कायदाच मानतो. येथे ‘मानतो’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण हरकत खरी की खोटी, चिन्ह कोणाचे, आपण किती वर्षे ते वापरता, यांपैकी कशाचीही चौकशी त्यानंतर होत नाही. ही मुदत कायद्यातच घातलेली असल्यामुळे ती वाढवून मिळेल, या आशेवर राहू नये. नोटीस मिळालीच नाही, ई-मेल स्पॅममध्ये गेला, असे वाद न्यायालयांपर्यंत गेलेले आहेत, परंतु आपण तो ई-मेल स्वतःच्या हाताने एजंटाला पुढे पाठवला असल्यामुळे तो आपल्याला मिळाला आणि कधी मिळाला, याचा पुरावा आपणच तयार करून ठेवला आहे. ९ जानेवारीचे दोन महिने ९ मार्चला संपतात. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ चालेल, असे गृहीत धरून कोणतेही काम ठेवू नये, असे मी माझ्या कनिष्ठांना सांगतो. आपल्यालाही तेच सांगतो. फेब्रुवारी संपण्याआधी निवेदन गेले पाहिजे. ते टीएम-ओ या नमुन्यात, ऑनलाइन आणि मालाच्या एका वर्गासाठी २,७०० रुपये शुल्क भरून दाखल होते. आपला माल मसाल्यांचा, म्हणजे वर्ग ३० मधला, एकच वर्ग आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. अशा आशयाची पत्रे मला वारंवार येतात आणि प्रत्येकात ‘पैसे तर दिले होते’ हे वाक्य असतेच. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे कलाकृतीचा पहिला मालक ती निर्माण करणारा असतो. नोकरीत असलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून केलेले काम मालकाचे ठरते, हा अपवाद आहे. परंतु घरी बसून, स्वतःच्या संगणकावर, चार जणांची कामे घेणारा तरुण आपला नोकर नव्हे. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राला किंवा व्यक्तिचित्राला दुसरा अपवाद लागू होतो. चिन्हाचे रेखाटन त्यात बसवणे मला अवघड दिसते. तेव्हा मालकी आपल्याकडे यायची असेल, तर ती त्याने आपल्याला द्यावी लागते, आणि कलम १९ म्हणते की असे हस्तांतरण लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचे असल्याशिवाय वैध नाही. यूपीआयच्या नोंदीत ‘कार्ड’ एवढा एकच शब्द आहे, आणि त्यातून आपण पैसे दिल्याचे सिद्ध होईल, त्याने हक्क दिल्याचे होणार नाही.

आपण पत्रासोबत जोडलेले कार्ड मी हातात घेऊन पाहिले. मॅट लॅमिनेशन केलेले, जाड कागदाचे, चांगले कार्ड आहे. पुढच्या बाजूला मिरची आणि तिच्या देठातून निघालेले आपल्या सासूबाईंचे नाव आहे. मागच्या बाजूला, उजव्या कोपऱ्यात, भिंग लावल्याशिवाय नीट वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत, त्या तरुणाच्या इन्स्टाग्राम खात्याचे नाव छापलेले आहे. प्रूफ आपण पाहिले होते, असे आपणच लिहिता. प्रसिद्ध झालेल्या प्रतींवर कर्ता म्हणून ज्याचे नाव असते, तोच कर्ता आहे, असे उलट सिद्ध होईपर्यंत कलम ५५(२) गृहीत धरते. खात्याचे नाव हे ‘नाव’ ठरते का, यावर वाद घालता येईल; पण त्याच्या बाजूचा पुरावा आपण आपल्या खर्चाने, हजार प्रतींत, लक्ष्मीपुरीच्या छापखान्यातून छापून घेतला, ही वस्तुस्थिती बदलत नाही. डंकावर चटणी कांडून आणताना आपण किलोकिलोचा हिशेब चिठ्ठीवर लिहून घेता, असे पत्रात अभिमानाने लिहिले आहे. तोच शिरस्ता येथे पाळला असता, तर एका पानात हे काम झाले असते.

म्हणजे चिन्ह वापरण्याचा आपल्याला काहीच अधिकार नाही का? तसे म्हणणार नाही. त्याने ते आपल्या धंद्यासाठी केले, पैसे घेतले आणि चार वर्षे पाकिटे डोळ्यांसमोर असताना तो गप्प राहिला, यावरून आपल्याला वापराचा परवाना होता, असा युक्तिवाद नक्की करता येतो. मात्र तो परवाना कार्डापुरता होता की पाकिटांपर्यंत पोहोचतो, हे त्या वेळच्या संभाषणावर अवलंबून राहील. आणि ते संभाषण आपण ‘डिसअपिअरिंग मेसेज’, म्हणजे संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय, चालू ठेवून गमावले. फेसबुकवरील मूळ पोस्ट व त्याखालील उत्तरे अजून दिसत असतील, तर आजच त्यांचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्यावेत आणि ज्या फोनवर ते घेतले, तो फोन विकू नये. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्या वेळी मूळ उपकरणाचा प्रश्न हमखास निघतो.

निवेदनात काय लिहायचे, हे आपले वकील ठरवतील. तरी एक मुद्दा सुटू नये म्हणून सांगतो. त्या तरुणाची हरकत ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ११(३) वर, म्हणजे कॉपीराइट कायद्यामुळे रोखता येण्याजोगे चिन्ह नोंदवता येत नाही या तरतुदीवर, उभी असणार. पण त्याच कलमाचे पोटकलम (५) म्हणते की या कारणावरून नोंदणी नाकारायची, तर हरकत ‘आधीच्या ट्रेडमार्कच्या मालकाने’ घेतलेली असावी लागते. तो तरुण कोणत्याही मालाचा व्यापारी नाही आणि त्याचा आधीचा ट्रेडमार्क असल्याचे आपल्या पत्रात कोठे दिसत नाही. हा मुद्दा शेवटपर्यंत टिकेल, अशी हमी मी देत नाही, परंतु तो न मांडणे चूक ठरेल. निवेदन गेल्यावर पुढचे पाऊल त्याला टाकावे लागते. निवेदनाची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत त्याने शपथपत्रावर पुरावा द्यायचा किंवा नोटिशीवरच भिस्त असल्याचे कळवायचे असते. यांपैकी काहीच केले नाही, तर त्याची हरकत सोडून दिली असे मानले जाते. हौसेने किंवा कोणाच्या सांगण्यावरून घेतलेल्या हरकती बऱ्याचदा याच टप्प्यावर गळतात, असा माझा अनुभव आहे. तो मात्र चिकाटीचा निघाला, तर सुनावणीला किती वर्षे लागतील, हे मी लिहिणार नाही. लिहिले तर आपण निवेदनच दाखल करणार नाही.

फसवणुकीच्या तक्रारीचा विचार सोडून द्यावा. स्वतःचा म्हणून वाटणाऱ्या हक्काचे पैसे मागणे ही फसवणूक नव्हे, आणि केवळ रक्कम अवाजवी आहे म्हणून ती खंडणीही ठरत नाही. नाव सुचवणाऱ्या मैत्रिणीवर तर कसलीच जबाबदारी येत नाही; तिच्याशी अबोला धरला आहे असे आपण लिहिता, तो कायद्याचा विषय नाही. दाव्याचे म्हणाल, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे ‘आता इथेच झटपट निकाल लागेल’ असे अनेक पक्षकार सांगत येतात. असा दावा जिल्हा न्यायालयातच, म्हणजे कसबा बावड्यातच, सुरू होतो आणि तिथली तारखेमागून तारीख तीच आहे. आपण होऊन दावा लावण्याचा सल्ला मी देणार नाही.

तडजोड करावी, असे माझे मत आहे, पण ६०,००० रुपयांत नव्हे. चिन्ह बदलले, तर शिल्लक पाकिटे, फलक आणि नवे डिझाइन यांवर किती खर्च येईल, तो आकडा आधी काढावा. त्यापेक्षा एक रुपयाही जास्त देण्यात अर्थ नाही, आणि कमीत तयार होण्यास त्याला कारणही आहे, कारण आपण चिन्ह सोडले, तर त्या मिरचीला दुसरे गिऱ्हाईक मिळणे कठीण. ठरले तर हस्तांतरणाचा लेख लेखी आणि त्याच्या सहीचाच करावा. त्यात चिन्हाचे चित्र जोडावे, मोबदल्याची रक्कम लिहावी, आणि ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी व जगभरासाठी’ हे शब्द न विसरता घालावेत. मुदत लिहिली नाही, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते हस्तांतरण फक्त पाच वर्षांचे ठरते, क्षेत्र लिहिले नाही, तर भारतापुरते, आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर तो परत जाऊ शकतो. यासाठी तसे होणार नाही, असेही लिहून घ्यावे. मिरची त्याने स्वतः रेखाटली असून कोणत्याही तयार संग्रहातून उचललेली नाही, असे त्याच्याकडून लिहून घ्यावे आणि मूळ ओपन फाइल, म्हणजे चित्रात बदल करता येतील अशी संगणकावरील फाइल, ताब्यात घ्यावी. चित्र संग्रहातले निघाले, तर त्याचा दावा ढासळतो हे खरे, पण आपली नोंदणीही अडचणीत येते. मुद्रांक किती लागेल, ते आपल्या वकिलांकडून पाहून घ्यावे. पैसे मात्र हरकत मागे घेण्याच्या अर्जावर त्याची सही होईल, त्याच बैठकीत द्यावेत, आधी नाही.

आणखी एक, खर्चाच्या मानाने फार उपयोगाची गोष्ट आहे. सासूबाईंचे नाव हे ब्रँडचे नाव आहे आणि ते त्या तरुणाने दिलेले नाही. नावावर कॉपीराइट नसतो. साध्या अक्षरांतील नावासाठी, मिरचीशिवाय, वेगळा अर्ज आताच करावा. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क आहे. मिरचीचे पुढे काहीही झाले, तरी गिऱ्हाईक दुकानात येऊन नावच घेते.

तडजोडीची बोलणी चालू आहेत म्हणून दोन महिन्यांची मुदत थांबत नाही. ‘आपण आपसात मिटवू, निवेदन कशाला’ असे समोरचा गोड बोलून सांगतो आणि मुदत उलटल्यावर फोन उचलत नाही, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. तेव्हा एजंटाच्या ‘बघतो’ यावर विसंबू नये. उद्या सकाळी त्याच्याकडून निवेदनाचा मसुदा मागवावा, तो वकिलाला दाखवावा, दाखल झाल्याची पोच हातात घ्यावी आणि रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर आपला अर्ज क्रमांक टाकून ते निवेदन तिथे चढलेले स्वतः पाहावे. ते दिसल्यानंतरच इचलकरंजीला फोन लावावा.