नैराश्यावरची एस्सिटालोप्राम ही गोळी सुरू करून 12 दिवस झाले, आईला गुण नाही. गोळी बंद करावी का?

आपल्या मनाने बंद करू नका. तुम्ही लिहिलंय की आईंचं वय 66, मात्रा 10 मिग्रॅ., मळमळ होते आणि मन तसंच उदास. गोळीने सेरोटोनिन, म्हणजे चेतापेशींमधलं निरोप नेणारं रसायन, लगेच वाढतं, मग गुण यायला महिना का, हा प्रश्न अगदी रास्त आहे.

दोन चेतापेशींमधली फट जेमतेम 20 नॅनोमीटरची. एक पेशी त्या फटीत सेरोटोनिन सोडते, ते पलीकडच्या पेशीवरच्या ग्राहींना, म्हणजे ते पकडणाऱ्या प्रथिनांना, चिकटतं आणि निरोप पोचतो. उरलेलं सेरोटोनिन पहिल्याच पेशीवरचं वाहक प्रथिन परत आत ओढून घेतं. एस्सिटालोप्राम या वाहकांना अडवतं; नेहमीच्या मात्रेत सुमारे 80 टक्के वाहक अडतात.

अडचण पुढे आहे. सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी मेंदूच्या खोडात, राफे केंद्रकांत असतात. त्यांच्या स्वतःच्या अंगावर 5-एचटी-1ए हे ग्राही असतात (5-एचटी म्हणजे सेरोटोनिनच), आणि त्यांचं काम लगाम लावण्याचं. आसपास सेरोटोनिन वाढलं की ते जी-प्रथिन या पेशीतल्या निरोप्यामार्फत पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात, धनभार बाहेर जातो आणि पेशी थंडावते. म्हणजे परतीची वाट अडवली खरी, पण पुरवठाही मंदावला. दोन-तीन आठवडे सेरोटोनिनचा मारा चालू राहिला की हे ग्राही बोथट होतात आणि लगाम सैल पडतो. मग पलीकडच्या पेशींत बीडीएनएफसारखी, चेतापेशींच्या वाढीला हातभार लावणारी प्रथिनं वाढून पेशींचे जोड नव्याने घडू लागतात. याला वेळ लागतोच. ‘सेरोटोनिन कमी म्हणून नैराश्य’ हे सूत्र मला म्हणूनच अपुरं वाटतं.

मळमळ मात्र पहिल्या दिवसापासून, कारण शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं आणि तिथले 5-एचटी-3 ग्राही क्षणात काम करतात. बहुधा एक-दोन आठवड्यांत ती ओसरते. गोळी रिकाम्या पोटी देऊ नका, सकाळची पेज झाल्यावर द्या. गुंगी येत असेल तर रात्री द्यायची का, ते डॉक्टरांना विचारा.

या वयात या गोळीने रक्तातलं सोडियम उतरू शकतं. बोलण्यात गोंधळ, तोल जाणं, फार मरगळ दिसली तर त्याच दिवशी रक्त तपासा. गुडघ्यांसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, ती गोळी आणि एस्सिटालोप्राम मिळून पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी तर न विचारता अजिबात नको.

एकदम गोळी तोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात; पुढे बंद करायची झाली तरी मात्रा टप्प्याटप्प्यानेच उतरवतात.

सुधारणा आधी झोपेत आणि भुकेत दिसते, उदासी मागाहून हटते. चार आठवड्यांनीही काहीच फरक नसेल तर औषध बदलायचं का, हे डॉक्टरांशी बोला. जीव नकोसा झाल्याचं आई बोलल्या तर मात्र थांबू नका: त्यांना एकटं ठेवू नका, थेट गोव्यातली बांबोळीची मानसोपचार संस्था गाठा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 वर फोन करा, तो रात्रीही चालू असतो.