कॉम्प्युटर, इलेक्ट्रिकल आणि रात्री दोनला गेलेली लाइट

जुलै 2024 चा दुसरा आठवडा. कोल्हापुरात पावसाची झड लागली होती. अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागून महिना होत आला होता. आमच्या प्रवेश-समुपदेशनाच्या कामात हे दिवस सगळ्यात गर्दीचे. त्या दुपारी आई, वडील आणि मुलगी असे तिघे आले. मुलीचं नाव इथे सायली म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वडील शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर. गावाकडे थोडा ऊस. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल त्यांनी टेबलावर ठेवली आणि खुर्चीवर बसायच्या आधीच विचारलं.

"मॅडम, साफ सांगा. पुण्यात एका कॉलेजात कॉम्प्युटर मिळतंय, पण मॅनेजमेंट कोट्यातनं. परवापर्यंत पन्नास हजार भरा म्हणतात. वीस गुंठे विकायला काढायची तयारी हाय माझी. पण आता हे एआय आलंय. पोरीच्या नोकरीचं काय व्हणार, ते कुणीच सांगंना."

हाच प्रश्न त्या महिन्यात माझ्याकडे रोज येत होता आणि अजूनही येतो. कॉम्प्युटर घ्यावं तर एआय नोकऱ्या खाणार, बाकीचं काही घ्यावं तर नोकऱ्याच नाहीत. आईबाप दोन्हीकडून घाबरलेले असतात. अशा वेळी फोनवर गोड बोलून "सीट संपत आल्यात" म्हणणारा माणूस त्यांना देवासारखा वाटतो.

मी आधी पैशाचं बोलले. माझी पद्धतच आता तशी झाली आहे, कारण पैशाची भीती मनात असताना आवडीनिवडीचं बोलणं कुणाच्या कानात शिरत नाही. कागदावर मांडलं: फी दोन लाखांच्या आसपास, वसतिगृह आणि मेस सव्वा लाख. वर्षाला सव्वातीन, चार वर्षांचे तेरा लाख. मग फाइल उघडली. ओबीसी दाखला, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला आठ लाखांच्या बराच खाली. आणि नेमका 8 जुलैला शासन निर्णय निघाला होता: आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसीतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. खासगी विनाअनुदानित कॉलेजातही माफ, पण प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झाला असेल तरच. मॅनेजमेंट कोट्यातून गेलेल्या मुलीला यातलं काहीही मिळत नाही.

वडील बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. "म्हंजे मी पैसे भरून तिची माफी घालवत होतो?"

हो, तसंच होतं ते. वसतिगृह, मेस आणि इतर किरकोळ शुल्क सुटत नाही, हेही मी सांगितलं, कारण अर्धवट आनंद पुढे महाग पडतो. पण परवाची मुदत तिथेच गळून पडली. मुलींच्या पालकांना माझं हात जोडून सांगणं आहे: कॅपच्या फेऱ्या संपायच्या आत कुणालाही एक रुपया देऊ नका.

आता सायली. तोवर ती एक शब्द बोलली नव्हती. पर्सेंटाईल नव्वदीच्या जरा वर. (पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत, इतक्या टक्के मुलांच्या बरोबरीला किंवा पुढे तुम्ही आहात, एवढाच त्याचा अर्थ. हे न कळल्यामुळे दरवर्षी कितीतरी घरांत विनाकारण भांडणं होतात.) मागच्या वर्षीच्या कटऑफप्रमाणे घरापासून दोन तासांवरच्या एका सरकारी कॉलेजात तिला इलेक्ट्रिकल मिळण्यासारखं होतं. कॉम्प्युटर मिळालं असतं ते बेताच्या खासगी कॉलेजात.

मी तिला विचारलं, "कुणी न सांगता तुझे दोन-तीन तास कशात जातात?" ती गप्प. आईच म्हणाली, "मोटरीजवळ बसती की ती."

मग हळूहळू बाहेर आलं. आदल्या उन्हाळ्यात शेतातली पाण्याची मोटर जळली. वायंडिंग (मोटरमधल्या तारांची गुंडाळी) करणाऱ्याने साडेचार हजार घेतले आणि कारण काही सांगितलं नाही. सायलीने ते शोधून काढलं. तीन फेजपैकी एक गेला तरी चालू मोटर थांबत नाही. उरलेल्या दोनांवर भार ओढत राहते, करंट वाढतो, वायंडिंग तापतं आणि जळतं. स्टार्टरच्या पेटीत सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र होतं, पण कुणीतरी तो काढून थेट जोडणी केली होती, कारण तो "सारखा ट्रिप व्हायचा". हे सांगताना ती टेबलावर बोटाने सर्किट काढत होती. वडील तिच्याकडे असे बघत होते की जणू ही मुलगी पहिल्यांदाच दिसली. हे सगळं तिने त्यांना सांगितलंच नव्हतं. मोटर म्हणजे बापाचं काम, आणि आपण बारावीची पोरगी.

इथे माझी एक जुनी चूक सांगायला हवी. 2005 साली माझ्याकडे एक मुलगा आला होता. मी तेव्हा नवी होते आणि बाजार कुठे चाललाय हे मला नीट कळतं असं मला वाटायचं. त्याला सिव्हिल घ्यायचं होतं. मी त्याला आयटीकडे वळवलं. 2009 मध्ये तो बाहेर पडला तेव्हा जागतिक मंदी होती. हातात ऑफर लेटर आणि जॉइनिंगची तारीख पुढे पुढे, असे जवळजवळ अकरा महिने त्याने घरात काढले. पुढे तो मार्गी लागला. पण मला भेटला तेव्हा म्हणाला, "मॅडम, तुम्ही मला मार्केट सांगितलं. मला काय जमतं, ते विचारलंच नाही." ते वाक्य मी विसरलेले नाही. प्रवेश घेतानाचा बाजार आणि चार वर्षांनंतरचा बाजार यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. 2001 च्या आयटी मंदीत दिसलं, 2009 मध्ये दिसलं. शाखेचं भविष्य सांगणं मी तेव्हापासून बंद केलं.

त्याऐवजी मी काम देते. सायलीला आठ दिवसांचं दिलं. चुलतभावाच्या लॅपटॉपवर एनपीटीईएलवरचे पायथनचे सुरुवातीचे धडे बघायचे (आयआयटींच्या प्राध्यापकांचे हे अभ्यासक्रम बघायला फुकट आहेत) आणि स्वतःच्या डोक्याने एक छोटा प्रोग्राम लिहायचा. त्याबरोबर एक अख्खा दिवस गावातल्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानात घालवायचा. वडिलांनाही काम दिलं: जी तीन-चार कॉलेजं मनात आहेत, त्यांनी एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीला दिलेली माहिती काढायची. किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि मधला पगार किती, हे त्या पीडीएफमध्ये असतं. शाखावार नसतं, तरी गेटवरच्या फ्लेक्सवर छापलेल्या एकुलत्या एका मोठ्या पॅकेजपेक्षा ते शंभर पट उपयोगाचं. मधला पगार म्हणजे निम्म्या मुलांना याहून कमी मिळाला, हे मी त्यांना दोनदा समजावलं.

तेवढंही पुरेसं नाही. ज्या कॉलेजचा विचार आहे तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. प्रॅक्टिकल खरंच होतात की जर्नल उतरवून घेतात, हे ती मुलं दोन मिनिटांत सांगतात. 2024-25 पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या नियामक संस्थेने, चांगल्या संस्थांसाठी शाखेतल्या जागांची वरची मर्यादा काढली आणि कॉम्प्युटरच्या जागा भराभर वाढल्या. जागा एका आदेशाने वाढतात, चांगले शिक्षक मात्र तसे वाढत नाहीत. शाखेच्या नावात "एआय" आहे म्हणून भुलू नका; ते शिकवणार कोण, हे विचारा.

आठ दिवसांनी सायली एकटीच आली, एसटीने. प्रोग्राम लिहिला होता. विषय तिचाच: शेतीच्या विजेची पाळी कधी दिवसा, कधी रात्री, महिन्यात मोटर किती तास चालली त्याचा हिशेब. रात्री दहा ते सकाळी सहाच्या पाळीत तिचा प्रोग्राम उणे सोळा तास दाखवायला लागला. दोन दिवस अडकली. शेवटी चॅटजीपीटीला विचारलं. त्याने क्षणात सांगितलं, शेवटची वेळ सुरुवातीपेक्षा लहान असेल तर चोवीस मिळव. उत्तर आलं आठ.

"मग झालं की," मी म्हटलं.

"नाही मॅडम. कोड बरोबर आहे, पण आठ तास चुकीचे आहेत. त्या रात्री दोनला लाइट गेली होती, पाचला आली. त्याला ते कुठनं माहीत असणार? मीटरजवळ काहीतरी बसवल्याशिवाय खरा आकडा येणारच नाही."

तिच्या वडिलांच्या प्रश्नाला एवढं नेमकं उत्तर मी देऊ शकले नसते. साचेबद्ध कोड लिहिण्याचं काम यंत्र आता करतं. नव्याने लागणाऱ्या मुलांना जी सोपी कामं देऊन तयार केलं जायचं, तीच आधी आटणार, ही भीती खोटी नाही. पण उत्तर बरोबर आहे की नाही हे ओळखायला त्या उत्तरामागची वस्तू माहीत असावी लागते, मग ती मोटर असो, पूल असो की बँकेचा व्यवहार. कॉम्प्युटर शाखेच्या मुलांनाही हे लागू आहे. ज्याला प्रोग्राम का चालतो, कुठे अडतो हे खणून काढायची ओढ आहे, त्याने बिनधास्त कॉम्प्युटर घ्यावं. त्याला मी कधीच अडवत नाही.

पुढे कॅपचा पसंतीक्रम आम्ही त्या तिघांना समोर बसवून भरला. कटऑफच्या उतरत्या क्रमाने कॉलेजं लिहू नका, हे मी प्रत्येकाला सांगते. मनापासून हवं ते वर लिहा, कारण वरचं मिळालं नाही म्हणून खालच्यावरचा तुमचा हक्क कमी होत नाही. पहिला पर्याय मात्र फार जपून भरायचा. तो पहिल्याच फेरीत मिळाला तर सीट आपोआप फ्रीझ होते आणि पुढच्या फेऱ्यांची दारं बंद होतात. वडिलांचा मान राखून दोन चांगल्या कॉलेजांतलं कॉम्प्युटर वर ठेवलं. तो निर्णय सायलीचाच होता. त्यानंतर सरकारी कॉलेजातलं इलेक्ट्रिकल. दुसऱ्या फेरीत तेच मिळालं.

वडिलांची समजूत पूर्ण पटली असं मी म्हणणार नाही. ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला. फौंड्रीतल्या साहेबांचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरला लागला होता. मी त्यांना सौरऊर्जेवरच्या कृषी फीडरचं सांगितलं, महावितरण-महापारेषणच्या भरतीचं सांगितलं, पदवीनंतरच्या गेट परीक्षेत 2024 पासून डेटा सायन्स आणि एआयचा पेपर आलाय आणि तो इलेक्ट्रिकलची मुलगीही देऊ शकते, हेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बघू," म्हणाले. बापाची काळजी अशी एका फोनने जात नाही, आणि ती जावी अशी माझी अपेक्षाही नसते.

गेल्या दिवाळीत दोघं भेटायला आली. सायली दुसऱ्या वर्षाला होती. गणिताचा एक पेपर पहिल्या वर्षी राहिला होता, तो सुटला होता. मुख्य शाखेबरोबर मायनर (जोडविषय) कुठला घ्यायचा, हा तिचा नवा प्रश्न. वहीत दोन रकाने करून तिने बरंच काही आधीच लिहून आणलं होतं, त्यामुळे मला फारसं बोलावं लागलं नाही. शेतातल्या स्टार्टरच्या पेटीत प्रिव्हेंटर पुन्हा बसवलाय, असं तिने जाता जाता सांगितलं.

वडील मात्र उठले नाहीत. त्यांनी पिशवीतून दुसरी फाइल काढली. धाकटा दहावीला आहे. अकरावी सायन्सला घालावा, की पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षाला न्यावा?

"ते ठरवू," मी म्हटलं, "पण पुढच्या वेळी त्याला घेऊन या."